‘गुन्हेगार जमात’ हा शिक्का आला कुठून?

दरोडा पडला की पोलिसांची गाडी आधी माळावरच्या पालांकडे वळते. पारध्याचं पोरगं त्या रात्री उसाच्या फडात कोयता चालवत असलं तरी चौकशी त्याच्यापासूनच सुरू. ही सवय कायद्यानं लावलेली आहे.

तो कायदा म्हणजे इंग्रज सरकारचा १८७१ चा ‘गुन्हेगार जमाती कायदा’. सुताराचा मुलगा सुतार होतो, तसा चोराचा मुलगा चोर होणार, असा युक्तिवाद तेव्हा सरकारी सभागृहात गंभीरपणे मांडला गेला. जातीची आपलीच उतरंड साहेबानं उचलली आणि आपल्यालाच परत विकली, असं म्हणायला हरकत नाही. सुरुवातीला कायदा उत्तर हिंदुस्थानापुरता होता. १९११ च्या सुधारणेनंतर तो मुंबई इलाख्यातही आला.

भटक्यांवरच नजर का गेली? बंजाऱ्यांचे तांडे बैलांवरून मीठ-धान्य वाहायचे. रेल्वे आली आणि तो धंदा बसला. पारध्यांची शिकार जंगल कायद्यांनी बेकायदा ठरली. पोट भरायची वाट बंद झालेली आणि पायाला मुक्काम नाही, अशी माणसं सारा वसूल करणाऱ्या सरकारला कायमच संशयास्पद वाटत.

कायद्याचा जाच हजेरीत होता. जमात एकदा जाहीर झाली की नाव नोंदवायचं, बोटांचे ठसे द्यायचे, ठरल्या वेळी हजेरी लावायची, गाव सोडायचं तर पास काढायचा. लेकीच्या सासरी विनापास गेलं, तरी गुन्हा. ठरावीक गुन्ह्यांत दुसऱ्यांदा दोषी ठरलं तर किमान सात वर्षं, तिसऱ्यांदा जन्मठेप. म्हणजे गुन्हा कायद्यानंच निर्माण करायचा, तोच वहीत लिहायचा आणि ती वही दाखवून म्हणायचं: बघा, ही जमातच गुन्हेगार! जातवार गुन्ह्यांचे जुने आकडे वाचताना मला ही हजेरीची वही आधी आठवते.

सोलापुरात या लोकांना तारेच्या कुंपणात ठेवलं. बायाबापड्या, पोरंसोरं सगळी आत, कामाला कापडगिरण्यांत. गिरण्यांना स्वस्त मजूर मिळाले, हा या लोकांच्या ‘सुधारणे’चा न बोललेला भाग. शहरात त्या भागाला आजही सेटलमेंटच म्हणतात.

मुंबई प्रांतानं हा कायदा १९४९ मध्येच मोडीत काढला. देशभरात तो ३१ ऑगस्ट १९५२ ला गेला. म्हणून ती तारीख विमुक्त दिन; विमुक्त म्हणजे या शिक्क्यातून सुटलेल्या जमाती. १५ ऑगस्टनंतर पाच वर्षांनी आलेलं हे स्वातंत्र्य. पण मागच्या दारानं राज्याराज्यांत सराईत गुन्हेगारांचे कायदे आले. मुंबई राज्याचा १९५९ चा. त्यात जमात नव्हती, माणूस होता. ठाण्यातल्या यादीत मात्र नावं बरीचशी त्याच घरांतली राहिली.

३ ऑक्टोबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानं तुरुंगांच्या नियमावल्यांतले विमुक्त जमातींचे उल्लेख काढायला लावले. कायदा रद्द होऊन तेव्हा बहात्तर वर्षं उलटली होती.