तेल, पाणी आणि उजेड : एका नियोजित लघुपटाची पार्श्वभूमी

सिंधुदुर्ग किनाऱ्यावर चित्रित करावयाच्या एका प्रायोगिक लघुपटाची आखणी सध्या सुरू आहे. त्यात कथानक नाही आणि पात्रेही नाहीत. समुद्राचे पाणी, जांभ्याचा सडा म्हणजे खडकाळ पठार आणि पावसाळ्यानंतरची वनस्पती यांच्याकडे १९६० च्या दशकातील सायकेडेलिक, म्हणजे भासमय रंगाकृतींच्या, दृश्यतंत्रांतून पाहायचे, एवढाच त्याचा हेतू आहे. या आखणीच्या चर्चेत एक समज सतत डोके वर काढतो. ही तंत्रे अमली पदार्थांच्या नशेतून जन्मली, आणि म्हणून त्यांचा वापर करणारा चित्रपटही नशेविषयीच असणार, असा तो समज आहे. तेरेखोलपलीकडे, गोव्याच्या किनाऱ्यावर, जांभळ्या दिव्याखाली चमकणारे रंगीत पडदे पाहिलेल्या माणसाला तसे वाटणे स्वाभाविक आहे. तथापि तंत्रांचा इतिहास वेगळे सांगतो आणि चित्रीकरणाचे बरेचसे निर्णय त्या इतिहासावरच अवलंबून आहेत.

एलएसडी हे त्या काळी गाजलेले, भास निर्माण करणारे रसायन आल्बर्ट हॉफमन यांनी स्वित्झर्लंडमध्ये १९३८ साली तयार केले आणि त्याचा मनावर होणारा परिणाम त्यांना १९४३ साली कळला. चित्रपटकार लेन लाय यांनी मात्र १९३५ सालीच कॅमेरा बाजूला ठेवून थेट फिल्मच्या पट्टीवर रंग लावून ब्रिटिश टपाल खात्यासाठी जाहिरातपट केला होता. कॅनडात नॉर्मन मॅकलॅरन यांनी तीच पद्धत पुढे नेली. सीमोर लॉक्स हे सॅन फ्रान्सिस्कोतील एका महाविद्यालयात कला शिकवत. १९५२ साली त्यांनी ओव्हरहेड प्रोजेक्टरवर काचेचे पसरट भांडे ठेवून त्यात रंगीत द्रव हलवण्याचा प्रयोग केला. त्याच शहरातील मॉरिसन तारांगणाच्या घुमटावर १९५७ ते १९५९ या काळात जॉर्डन बेल्सन आणि हेन्री जेकब्स यांनी अमूर्त प्रकाशाकृती आणि ध्वनी यांचे एकत्रित कार्यक्रम केले. म्हणजे रंगीत द्रव, थेट फिल्मवरची चित्रे, ध्वनीला जोडलेला अमूर्त प्रकाश या साऱ्या गोष्टी हिप्पींची गर्दी जमण्याआधीच तयार होत्या.

मग १९६० च्या दशकाने नवे काय दिले? माझ्या मते दोन गोष्टी दिल्या : लांबी आणि तात्काळता. न्यूयॉर्कच्या फिलमोर ईस्ट या नाट्यगृहात १९६८ पासून जोशुआ व्हाइट यांचा चमू पडद्यामागे उभा राहून, समोर चाललेल्या संगीताच्या अंदाजाने, दर क्षणी नवे चित्र निर्माण करत असे. लंडनमध्ये मार्क बॉइल आणि जोन हिल्स यांनी असेच प्रयोग केले. त्या चित्राची संहिता नव्हती आणि पुनरावृत्तीही शक्य नव्हती. आज संगणकावर तसा परिणाम काही मिनिटांत मिळतो, पण त्यात द्रवाचा हट्टीपणा नसतो आणि पाहणाऱ्याला तो फरक लगेच जाणवतो. म्हणूनच द्रवाची दृश्ये संगणकावर तयार न करता प्रत्यक्ष काचेवर घडवून चित्रित करावीत, असे ठरले आहे.

या पद्धतीची कृती सोपी आहे. किंचित खोलगट काचेत पाणी आणि तेल एकत्र घेतात. पाण्यात विरघळणारा रंग पाण्यात आणि तेलात विरघळणारा रंग तेलात घालतात. वर दुसरी, थोडी लहान खोलगट काच ठेवून ती हलक्या हाताने दाबली आणि सोडली की दोन्ही रंग एकमेकांत न मिसळता पसरतात, तुटतात आणि पुन्हा जुळतात. मद्यार्काचा एखादा थेंब टाकला तर पृष्ठताण बिघडून आकृती फुटते. जुन्या प्रोजेक्टरचा दिवा तापत असल्यामुळे द्रव आपोआपही हलत असे. आता मिळणारे एलईडी दिवे थंड असतात, त्यामुळे ही हालचाल नाहीशी होते. सुदैवाने महाविद्यालयांच्या अडगळीच्या खोल्यांत हॅलोजन दिव्याचे जुने ओव्हरहेड प्रोजेक्टर अजून सापडतात.

याच ठिकाणी कोकणाचा प्रश्न येतो. खोबरेल तेल साधारण २४ अंश सेल्सिअसच्या खाली गोठते. किनाऱ्यावर पौष-माघाच्या पहाटे बाटलीतले तेल पांढरे पडलेले प्रत्येक घराने पाहिले आहे. ते गोठलेले तेल तापलेल्या काचेवर ठेवले तर आधी पडद्यावर अपारदर्शक काळा डाग दिसेल, मग त्याच्या कडा वितळून उजेड आत शिरू लागेल आणि शेवटी संपूर्ण डाग पारदर्शक होईल. दुसरा पदार्थ कोकमाचे आगळ, म्हणजे दाट रस. त्याचा लाल रंग ज्या अँथोसायनिन गटातील रंगद्रव्यांमुळे येतो, ती आम्लात लाल राहतात आणि अल्कलीत निळसर-हिरवट होतात. काचेवरच्या आगळात पापडखाराचे पाणी सोडले की रंगबदल कॅमेऱ्यासमोरच घडेल, त्यासाठी संकलनात काही करावे लागणार नाही. रसायनांच्या दुकानातल्या झगझगीत रंगांच्या तुलनेत ही छटा मंद दिसेल; तरीही मला तीच अधिक योग्य वाटते.

उजेडात चित्र हलवण्याची परंपरा या प्रदेशात परकी नाही. उत्तर कोकणात, कल्याण येथे, महादेव गोपाळ पटवर्धन यांनी १८९० च्या दशकात आपल्या पुत्रांच्या साथीने ‘शांभरिक खरोलिका’ या नावाने जादूच्या कंदिलाचे खेळ केले. काचेवर हाताने रंगवलेल्या आकृती झपाट्याने बदलून ते हालचालीचा भास निर्माण करत. ल्युमिएर बंधूंच्या चित्रपटांचा मुंबईतील पहिला खेळ ७ जुलै १८९६ रोजी झाला. त्याआधीच हे खेळ सुरू झाले होते. दक्षिणेला, कुडाळ तालुक्यातील पिंगुळी गावात, ठाकर समाजाची चित्रकथी परंपरा आहे. एका आख्यानाच्या चित्रांचा संच म्हणजे पोथी. गायक वीणेच्या साथीने कथा सांगत त्यातले एकेक चित्र प्रेक्षकांपुढे धरतो. याच समाजात चामड्याच्या छायाबाहुल्यांचा खेळही आहे. चामडे पातळ कमावलेले असल्याने मागच्या दिव्याचा उजेड त्यातून रंग घेऊन पडद्यावर येतो, म्हणजे फिलमोरच्या पडद्यामागे जे घडत होते त्याचे तत्त्व येथेही आहे. पिंगुळीचे परशुराम गंगावणे यांना या कलांसाठी २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. लघुपटात बाहुल्यांचा खेळ दाखवायचा नाही, कारण रामायणाची कथा तोडून तिची नक्षी करणे त्या कलेवर अन्याय ठरेल. मात्र दिवा, पडदा आणि चामडे यांच्यातील अंतर कसे बदलले की आकृतीची कड मऊ होते, हे त्या कलावंतांकडून रीतसर मानधन देऊन शिकायचे आहे.

सावंतवाडीच्या गोल गंजिफांविषयीही, म्हणजे खेळायच्या पत्त्यांविषयीही, सूचना आली होती. दशावतारी गंजिफांच्या १२० पानांची वर्तुळे फिरवत ठेवली तर मंडलासारखे दृश्य सहज मिळेल, असे सुचवणाऱ्याचे म्हणणे होते. नेमक्या या सहजपणामुळेच ती सूचना नाकारली आहे. बेल्सन आणि अमूर्त चित्रपट करणारे जेम्स व्हिटनी यांनी पूजेतले यंत्र, मंडल, समाधी या कल्पना आपल्याकडून घेतल्या. त्याच आता त्यांच्या चष्म्यातून परत घेण्यात फारसे शहाणपण नाही.

मराठी प्रेक्षकाला या इतिहासाचा सर्वांत जवळचा धागा मुंबईत सापडतो. सरकारी माहितीपट काढणाऱ्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये १९६० च्या दशकाच्या मध्यास जहांगीर भावनगरी यांच्या प्रोत्साहनाने काही काळ प्रयोगांना मोकळीक मिळाली. प्रमोद पती यांचा ‘एक्सप्लोरर’ (१९६८) हा अवघ्या काही मिनिटांचा चित्रपट तरुणाई, विज्ञान, पूजा आणि नृत्य यांचे तुकडे इतक्या वेगाने एकमेकांवर आपटतो की प्रेक्षकाला विचार करायला सवड राहत नाही. ‘अबिद’ (१९७२) या चित्रपटात त्यांनी जिवंत माणसाची एकेक चौकट (फ्रेम) स्वतंत्रपणे टिपून त्याला चित्रासारखे हलवले. या काळातील अनेक अनुबोधपटांना विजय राघव राव यांचे प्रयोगशील ध्वनिसंयोजन लाभले. सरकारी शिक्क्याखाली असे चित्रपट निघाले, ही गोष्ट आजही थोडी नवलाची वाटते. याच सुमारास चित्रकार अकबर पदमसी यांनी मुंबईत व्हिजन एक्स्चेंज वर्कशॉप चालवले. त्यांच्या ‘सिझिजी’ या चित्रपटात केवळ रेषा आणि बिंदू आहेत आणि आवाज मुळीच नाही. त्यांच्या दुसऱ्या चित्रपटाची एकमेव प्रत गहाळ झाली. हे उदाहरण डोळ्यांसमोर असल्याने मूळ चित्रीकरणाच्या तीन प्रती वेगवेगळ्या ठिकाणी ठेवण्याची तरतूद खर्चाच्या अंदाजात केली आहे.

उरलेल्या तंत्रांपैकी दोन विचारात आहेत. पहिले स्लिट-स्कॅन, म्हणजे अरुंद फटीतून चित्र थोडे थोडे टिपण्याचे. जॉन व्हिटनी यांनी दुसऱ्या महायुद्धातील विमानविरोधी तोफांच्या नेमयंत्राचे सुटे भाग वापरून असे प्रयोग केले आणि १९६८ साली डग्लस ट्रम्बुल यांनी स्टॅन्ली कुब्रिक यांच्या अंतराळपटात ते तंत्र जगासमोर आणले. आता प्रत्येक चौकटीतला एकच उभा पट्टा घेऊन ते शेजारी शेजारी मांडले तरी काम भागते. फुटणारी लाट अशी टिपली की चित्राच्या रुंदीत काळ पसरतो. दुसरे तंत्र अवरक्त छायाचित्रणाचे. हिरवी पाने जवळचे अवरक्त किरण मोठ्या प्रमाणात परावर्तित करतात, म्हणून लष्कराला नकली झाडोरा ओळखता यावा यासाठी रंगीत अवरक्त फिल्म प्रथम विकसित झाली. पुढे तिच्यातील लाल-गुलाबी रानांनी १९६० च्या दशकातील संगीताच्या तबकड्यांची वेष्टने सजली. संवेदकावरचा अवरक्तरोधक काढलेला डिजिटल कॅमेरा आता भाड्याने घेता येईल. सीतेची आसवे फुललेला सडा त्यातून कसा दिसेल, हे श्रावण-भाद्रपदात चाचणी घेऊनच ठरवावे लागेल.

लुकलुकत्या प्रकाशाचा भाग मात्र आखणीतून जवळजवळ वगळला आहे. टोनी कॉनरॅड यांनी १९६६ साली केवळ काळ्या आणि पांढऱ्या चौकटींचा चित्रपट केला आणि त्याच्या सुरुवातीलाच प्रेक्षकांना इशारा दिला. सेकंदाला २४ चौकटींच्या चित्रपटात एकाआड एक काळी-पांढरी चौकट ठेवली तर सेकंदाला १२ चमका होतात. जपानमध्ये १६ डिसेंबर १९९७ रोजी दूरचित्रवाणीवरील एका बालमालिकेत साधारण याच वेगाने लाल-निळा प्रकाश चमकला आणि ६०० हून अधिक प्रेक्षकांना, बहुतांशी मुलांना, रुग्णालयात न्यावे लागले. हा लघुपट गावातल्या मोकळ्या पटांगणातही दाखवायचा असल्याने सेकंदाला तीनपेक्षा अधिक चमका कोठेही येणार नाहीत, अशी अट संकलनासाठी लिहून ठेवली आहे.

अशीच काळजी रात्री किनाऱ्यावर टाकावयाच्या प्रकाशाबाबत घ्यावी लागेल. कोकणच्या अनेक पुळणींवर हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात आणि नंतर बाहेर पडलेली पिल्ले समुद्राकडच्या उजळ क्षितिजाच्या दिशेने चालतात. कृत्रिम उजेडाने त्यांची दिशा चुकते. त्यामुळे वाळूवर किंवा लाटांवर प्रक्षेपण करण्याचे दृश्य रद्द केले आहे. त्याऐवजी किनाऱ्यापासून दूर, जांभ्याच्या बंद पडलेल्या चिरेखाणीच्या उभ्या भिंतीवर द्रवाची चित्रे टाकून ती पुन्हा चित्रित केली जातील. चिऱ्यावर राहिलेले कापणीचे समांतर वळ आडव्या उजेडात ठळक दिसतात, त्यामुळे भिंतीवरची पहिली चाचणी प्रोजेक्टर समोर न ठेवता एका बाजूला ठेवून घेतली जाईल. खाणीच्या तळाशी साचलेले पाणी ओसरल्याखेरीज तेथे यंत्रे नेता येणार नाहीत आणि खाणमालकाची लेखी परवानगी त्याआधी मिळवावी लागेल.