कायबॉतच्या बागेतली शेवंती

फ्रेंच चित्रकार गुस्ताव्ह कायबॉत म्हटलं की पावसात भिजलेला पॅरिसचा चौक आणि छत्र्या घेतलेली माणसं आठवतात. ते चित्र १८७७ सालचं. त्याची शेवटची वर्षं मात्र सीन नदीकाठच्या प्ती-जेनव्हिलिएमध्ये, वाफे आणि काचघरं सांभाळण्यात गेली. १८८१ मध्ये त्याने धाकट्या भावासोबत तिथे जागा घेतली आणि काही वर्षांत पॅरिस सोडून तिथेच राहायला गेला. वडिलांनी लष्कराला कापड पुरवून गडगंज कमावलेलं, त्यामुळे चित्रं विकायची निकड नव्हती. होड्यांचे आराखडे आणि ऑर्किड्स हेही त्याचे नाद होतेच.

पण शरदात बाग गाजवायची ती शेवंती. रात्री लांबू लागल्या की तिला कळ्या धरतात. म्हणून बाकीचे वाफे ओकेबोके होत असताना ती भरात असते. चीनची शेवंती फ्रान्सला पोहोचली १७८९ मध्ये, मार्सेय बंदरात. १८६० नंतर जपानी जाती युरोपात आल्या: विस्कटलेल्या, कुरळ्या पाकळ्यांच्या, थोराड. जपानी छापचित्रांवर आधीच लुब्ध असलेल्या चित्रकारांना ही फुलं भुरळ घालणारच.

१८९३ मध्ये कायबॉतने पांढऱ्या-पिवळ्या शेवंतीचं चित्र केलं. त्यात ना क्षितिज, ना फुलदाणी, ना बागेची वाट. फुलांवर वाकून पाहावं तशी नुसती फुलं आणि पानं, कॅनव्हासच्या चारही कडांपर्यंत. त्याच वर्षी जेवणघराच्या दारांसाठीही तो काचघरातले ऑर्किड्स रंगवत होता. म्हणजे बाग थेट भिंतींवरच आणायचा बेत! फेब्रुवारी १८९४ मध्ये, अवघ्या ४५ व्या वर्षी, तो गेला. त्याने जमवलेली चित्रकार मित्रांची चित्रं मृत्युपत्राने सरकारला दिली होती. बऱ्याच वादानंतर सरकारने त्यांतली सगळी नाही, काही चित्रं स्वीकारली.

ते शेवंतीचं चित्र चित्रकार क्लोद मोनेकडे होतं. आज ते पॅरिसच्या मार्मोतां संग्रहालयात आहे. दोघे जुने मित्र, दोघेही बागवेडे. मोनेने जिव्हर्नीत, तो राहायचा त्या गावी, कमळतळ्यासाठी जमीन घेतली तीही १८९३ मध्येच. १८९६-९७ च्या सुमारास त्यानेही शेवंती रंगवली, तशीच काठोकाठ. पुढे त्याच्या कमळांच्या चित्रांतूनही क्षितिज गेलं. ते सगळं श्रेय कायबॉतला देणं जास्तीचं होईल, जपानी छापचित्रं दोघांच्याही डोळ्यांत होती. तरी कमळांच्या आधी ही शेवंती येते, आणि कमळांवरच्या लिखाणात तिला फार तर एखादी ओळ मिळते.