आंतरपालिका परिषदांतील जागावाटप (फ्रान्स)

पाणीपुरवठा, कचरा-व्यवस्था, नियोजन इत्यादी कामांसाठी एकत्र आलेल्या शेजारच्या कम्यूनांच्या (कम्यून म्हणजे फ्रान्समधील सर्वांत लहान स्थानिक स्वराज्य घटक) संयुक्त परिषदेतील जागा त्या कम्यूनांमध्ये विभागण्याची विधिविहित रीत. पूर्वी हे वाटप बव्हंशी आपसांतील समझोत्याने होई. १६ डिसेंबर २०१० च्या कायद्याने त्याला लोकसंख्येचा आधार दिला व २०१४ च्या निवडणुकांपासून नवे नियम लागू झाले. त्यांनुसार कायद्यातील तक्त्यात एकूण लोकसंख्येप्रमाणे ठरलेल्या जागा सर्वाधिक सरासरीच्या पद्धतीने वाटतात, म्हणजे प्रत्येक जागा, ती दिल्यावर ज्या कम्यूनची दरजागी लोकसंख्या सर्वाधिक राहील तिला देतात. एकही जागा न मिळालेल्या कम्यूनला तक्त्याबाहेरची एक जागा मिळते आणि कोणत्याही कम्यूनला निम्म्याहून अधिक जागा मिळत नाहीत.

सर्वाधिक सरासरीच्या पद्धतीचे जनकत्व सामान्यतः बेल्जियन कायदेपंडित व्हिक्टर द'होंट यांना देतात (सु. १८७८–८२). तथापि अमेरिकी मुत्सद्दी टॉमस जेफरसन यांनी १७९२ च्या सुमारास अमेरिकी प्रतिनिधिगृहासाठी पुरस्कारलेली रीत गणिती फलाच्या दृष्टीने तीच आहे. दोघांना ती स्वतंत्रपणे सुचली असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते, कारण जेफरसन राज्यांना लोकसंख्येनुसार जागा देऊ पाहत होते, तर द'होंट पक्षांना मतांनुसार. कम्यूनांचा प्रश्न अर्थातच पहिल्या प्रकारचा आहे.

ही पद्धती मोठ्या घटकांना झुकते माप देते. समजा, ६,०००, ३,२००, २,०००, १,००० व ४०० वस्तीच्या पाच कम्यून एकत्र आल्या. एकूण १२,६०० वस्तीला तक्त्याप्रमाणे २६ जागा असून त्या अनुक्रमे १३, ७, ४, २ व ० अशा जातात. पाचवीला जादा जागा देऊन परिषद २७ जणांची होते. अमेरिकी राजकारणी डॅनियल वेबस्टर यांच्या रीतीने, म्हणजे प्रत्येक कम्यूनच्या लोकसंख्येला दरजागी लोकसंख्येने भागून येणारा भागाकार जवळच्या पूर्णांकाला नेऊन, १२, ७, ४, २, १ असे वाटप २६ जागांतच बसते. जागावाटपाचे गणिती अभ्यासक बालिन्स्की व यंग यांनी वेबस्टरची रीत निःपक्षपाती ठरविली असून त्यांचे मत ग्राह्य वाटते.

वरील नियमांऐवजी कम्यूनांनी आपसांत वाटप ठरविण्याची मुभाही कायद्यात होती; अशा वाटपाला मर्यादा किती, हा वाद साल्ब्री या कम्यूनने घटना परिषदेपुढे (कायद्यांची घटनात्मकता तपासणारी फ्रेंच संस्था) नेला. वाटप प्रामुख्याने लोकसंख्येवर आधारलेले हवे, असे सांगून घटना परिषदेने २० जून २०१४ रोजी अशा समझोत्याची तरतूद घटनाबाह्य ठरविली. ९ मार्च २०१५ च्या कायद्याने ती मुभा परत दिली. मात्र कम्यूनचा जागांतील वाटा तिच्या लोकसंख्येतील वाट्यापासून, काही अपवाद वगळता, २० टक्क्यांहून अधिक ढळता कामा नये आणि समझोत्याला कम्यून-परिषदांच्या विशेष बहुमताची संमती हवी, अशी अट घातली.