तलावाकाठच्या माळावर मुक्कामाला जाताना
(तंबू भाड्यानं नेणाऱ्या ग्राहकांसाठी)

हा कागद तंबूच्या पिशवीत घातला आहे, पण तो तिथे पोहोचून वाचायचा नाही. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी घरीच वाचा. अंधार पडल्यावर टॉर्चच्या उजेडात वाचून त्यातलं निम्मं उपयोगाचं राहत नाही.

इंदूरहून तंबू नेणारे बरेच जण आधी चोरल गावाकडे किंवा महूच्या पुढच्या जंगलात राहून आलेले असतात. तो अनुभव माळावर फारसा कामाला येत नाही. जंगलात झाडं वारा अडवतात, टेकडी आडोसा देते, दोरी बांधायला एखादं खोड मिळतं. तलावाच्या काठच्या मोकळ्या गवतात यातलं काहीच नाही. वारा, दव, ऊन, वीज, जे येईल ते थेट तंबूवर येतं. म्हणून तिथे जागा निवडणं हेच अर्धं काम आहे, आणि ते दिवस मावळायच्या किमान दोन तास आधी झालं पाहिजे. पोहे-जिलेबी खाऊन अकराला निघणाऱ्यांनी हिशेब तिथूनच करावा.

कुठे जायचं

यशवंत सागरचं नाव सगळे आधी घेतात. गंभीर नदीवरचा हा होळकरांच्या काळातला तलाव २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेला. सारसांच्या जोड्या तिथे दिसतात. पहाटे दुर्बीण घेऊन जावं, दुपारपर्यंत परतावं, अशी ती जागा आहे, तंबूची नव्हे. गांधी सागर हा चंबळवरचा मोठा जलाशय. धरण १९६० मध्ये पूर्ण झालं, भोवती गवताळ माळ आणि झुडपं दूरवर पसरलेली. पण तिथे अभयारण्य आहे आणि एप्रिल २०२५ मध्ये त्यात चित्ते सोडले आहेत. तेव्हा परवानगी असलेल्या मुक्कामाच्या जागा सोडून इतरत्र तंबू ठोकायचा विचारही नको.

उरतात ते सिंचनाचे छोटे तलाव आणि त्यांच्या काठची खाजगी मुक्कामाची मैदानं. शांत रात्र हवी असेल तर खरं म्हणजे हेच बरे. तंबूची जागा मैदानाच्या मालकाला विचारूनच ठरवा. पाणी उतरलं की काठाची जमीन उघडी पडते, तिच्यात गावकरी गहू-हरभरा पेरतात. ही गाळपेर सुरुवातीला रिकामी, मऊ आणि सपाट दिसते, तंबूला अगदी आयती वाटते. ती कुणाची तरी शेती असते. उगवण दिसत नाही म्हणून त्यावर गाडी घालू नका.

ऑक्टोबर अखेर ते फेब्रुवारी हा चांगला काळ. पावसाळ्यात काळ्या मातीवर गाडी रुतते आणि मग ट्रॅक्टरवाल्याला शोधण्यात रात्र जाते. मार्चनंतर ऊन आणि वारा दोन्ही त्रास देतात. हिवाळ्यातही मावठा पडतो, म्हणून वरचं पावसाचं कापड घरी ठेवून जाऊ नका. ‘आभाळ स्वच्छ आहे’ म्हणून ते दुकानातच सोडून जाणारे ग्राहक दरवर्षी भेटतात.

जागा

तंबू पाण्याच्या अगदी काठाशी फोटोत छान दिसतो. राहायला ती जागा वाईट. काठाचा गाळ वरून वाळलेला आणि आतून ओला असतो, खुंटी धरत नाही. रात्रीची थंड हवा जड असल्यामुळे उतारावरून खाली सरकते आणि काठच्या खोलगट भागात साचते. डास तिथेच. गुरं पाण्यावर यायची वाटही तिथूनच जाते. पाण्यापासून शंभरेक पावलं मागे, आणि दोन पुरुष उंच जागा मिळाली तर बघा. तेवढ्यानंसुद्धा पहाटेची थंडी कमी लागते. धरणाच्या भिंतीखाली, नदीच्या कोरड्या पात्रात, किंवा कालव्याच्या कडेला तंबू लावू नका. पाणी सोडायची वेळ तुमच्या सोयीनं ठरत नसते.

जमीन निवडताना खाली वाकून हात लावा. काळी माती हिवाळ्यात भेगाळते. भेगेजवळ ठोकलेली खुंटी पहिल्या झुळुकीला ढिली होते. जिथे मुरूम वर आलेला आहे, गवत आखूड आहे, तिथे खुंटी उत्तम बसते. दिलेल्या पिशवीत दोन प्रकारच्या खुंट्या आहेत: आखूड बारीक मुरमासाठी, लांब चपट्या काळ्या मातीसाठी. लांब खुंटीही हलली तर रिकामी कापडी पिशवी मातीनं भरा, तिला तणावा (तंबू ताणून धरणारी दोरी) बांधा आणि हातभर खड्ड्यात पुरून वर माती दाबा. हा उपाय कुठल्याही खुंटीपेक्षा भक्कम.

वारा

वारा कुठून येतो हे चिमूटभर वाळलं गवत सोडून बघा. तंबूची अरुंद बाजू वाऱ्याकडे, दार त्याच्या उलट दिशेला. मोठ्या पाण्याकाठी दुपारी वारा पाण्याकडून जमिनीकडे आणि रात्री उलटा वाहू शकतो, म्हणून संध्याकाळी एकाच बाजूचे तणावे बांधून थांबू नका. चारही बाजूंचे बांधा.

खुंटी सरळ उभी ठोकायची नाही. तिचं डोकं तंबूपासून दूर झुकलेलं आणि टोक तंबूकडे, अशी तिरकी ठोका. तणावा साधारण तंबूच्या उंचीएवढ्याच अंतरावर खाली आला पाहिजे. त्याहून जवळ आणला तर वाऱ्याच्या ओढीनं खुंटी वर उपटते. दोरीवर पांढरी चिंधी बांधा. रात्री लघवीला उठलेला माणूस तणाव्यात अडकून पडतो, हा आमच्याकडे परत येणाऱ्या वाकड्या दांड्यांचा सर्वांत नेहमीचा इतिहास आहे.

दहा जणांना एकच मोठा तंबू हवा असतो. सगळे एकत्र गप्पा मारू, हा हेतू आम्हाला समजतो. पण माळावर मोठा तंबू म्हणजे वाऱ्याला मोठी भिंत. तीन छोटे घ्या, गप्पा बाहेर मारा. आणि ‘तिघांचा’ तंबू सामानासकट दोघांचाच असतो, हे आधीच सांगितलेलं बरं.

कुसळ

ऑक्टोबर-नोव्हेंबरात गवताची कुसळं तयार होतात. एक कुसळ हातात घेऊन बघा. टोक सुईसारखं, त्यावर उलटे केस, मागे पिळदार शेपूट. ओल लागली की शेपूट उलगडतं, वाळलं की पुन्हा पिळतं, आणि त्या हालचालीनं टोक आत आत शिरतं. जमिनीत बी रुजावं म्हणून ही सोय आहे, पण मोज्यात, मुलांच्या स्वेटरमध्ये आणि तंबूच्या जाळीतही ते तसंच शिरतं. सुती मोजे नकोत, जाड पँट घाला. आत जाण्यापूर्वी बूट-मोजे दाराबाहेर काढा. तंबूखाली ताडपत्री अंथरताना जमिनीवर हात फिरवून उभी राहिलेली धांडं मोडून टाका, नाहीतर ती कापडातून वर येतात. जाळीत शिरलेलं कुसळ ओढू नका, जाळी फाटते. पुढच्या बाजूनं, टोकाच्या दिशेनं काढा.

आग आणि बाफले

आता ज्यासाठी सगळे जातात ते. दाल-बाफल्यांशिवाय माळव्यात मुक्काम पुरा होत नाही, आणि बाफले (उकडून मग भाजलेले कणकेचे गोळे) गोवऱ्यांवरच हवेत, हे आम्हालाही मान्य आहे. पण डिसेंबरपासून माळावरचं गवत वाळून कडक झालेलं असतं. एक ठिणगी वाऱ्यावर गेली तर आग माणसाच्या पळण्यापेक्षा जोरात पसरते, आणि तो माळ गावच्या गुरांचा वर्षभराचा चारा असतो.

म्हणून जमिनीवर थेट विस्तव पेटवायचा नाही. आमच्याकडे पायांची लोखंडी शेगडी भाड्यानं मिळते, ती न्या. तिच्याखाली आणि भोवती पाच-सहा पावलांचं गोल रिंगण गवत काढून उघडं करा. पाण्याची भरलेली बादली शेजारी. वारा वाढला तर बेत सोडून द्या. सोबत शेव आणि जिरावण (वरून भुरभुरायचा मसाला) असतंच. बाफले घरून उकडून नेले तर तिथे फक्त भाजायचे राहतात आणि विस्तव तासाभरात आटोपतो.

गोवरीचा विस्तव फसवा असतो. वरून राख थंड, पांढरी, आणि खाली सकाळपर्यंत लाल. राख ‘विझली’ समजून गवतात ओतणं हे सर्वांत धोक्याचं. पाणी ओता, काठीनं ढवळा, पुन्हा पाणी ओता, आणि हाताचा पंजा राखेच्या जवळ धरून ऊब लागत नाही तोवर जागेवरून हलू नका. राख पिशवीत भरून घरी आणा, कुंड्यांना चालते.

शेगडी तंबूत न्यायची नाही. थंडी कितीही असो, दार उघडं ठेवून असो, ‘फक्त पाच मिनिटं’ असो. धुमसत्या निखाऱ्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. झोपलेल्या माणसाला जाग येत नाही.

थंडी आणि दव

उघड्या माळावरची जमीन निरभ्र रात्री शहरापेक्षा खूप लवकर निवते. अंगावर जास्त पांघरूण घेण्यापेक्षा अंगाखाली जास्त अंथरा. गोधड्या दोन असतील तर एक खाली घाला. सकाळी तंबू आतून ओला दिसला की लोक फोन करतात की कापड गळतं. बहुतेक वेळा गळत नसतं. तुमच्याच श्वासातली वाफ थंड कापडावर जमते. वरच्या खिडक्या पूर्ण बंद करू नका, थोडा वारा आत खेळू द्या.

पाणी, साप, वीज

तलावात पोहायला उतरू नका. बुडालेल्या जुन्या विहिरी, झाडांची खोडं आणि मासेमारीची जाळी वरून दिसत नाहीत. पिण्याचं पाणी घरून न्या, माणशी रोज चार लिटर धरा. भांडी काठावर घासू नका. पाणी बादलीत घेऊन सत्तर-ऐंशी पावलं मागे या.

मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. चावा दुखत नाही, म्हणून कळतही नाही. तंबूची चेन पूर्ण लावून झोपणं हा त्यावरचा सर्वांत सोपा बंदोबस्त. सकाळी बूट झटकून घाला. कुणाला चावा झालाच तर कापू नका, आवळून बांधू नका, चोखू नका. हातपाय हलू न देता १०८ ला फोन करून सरकारी दवाखाना गाठा. जवळचा दवाखाना कोणता हे जातानाच विचारून ठेवा, तिथे नेटवर्क मिळेलच असं नाही.

ढग गडगडायला लागले तर माळावर सर्वांत उंच वस्तू तुम्ही आणि तुमचा तंबू असता. तंबू विजेपासून वाचवत नाही. वीज चमकल्यापासून गडगडाटापर्यंत तीस सेकंदांहून कमी वेळ लागला की सरळ गाडीत बसा, काचा वर करा, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर येऊ नका. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं ‘दामिनी’ ॲप फोनवर घेऊन ठेवा; आजूबाजूला वीज पडत असली की ते सांगतं.

आवाज

सराफ्याच्या खाऊगल्लीत रात्री एकला जागे असलेल्या आपल्या लोकांना माळावरचे नऊ फार लवकरचे वाटतात आणि मग स्पीकर निघतो. निरभ्र रात्री जमिनीलगतची हवा थंड आणि वरची उबदार असते, त्यामुळे आवाज वर निघून न जाता वाकून पुन्हा खाली येतो. सपाट पाणी तो शोषतही नाही. पलीकडच्या काठावरच्या गावात तुमचं गाणं शब्दासकट ऐकू जातं. रात्री दहा ते सकाळी सहा स्पीकरला कायद्यानंच मनाई आहे. आमचा आग्रह मात्र संध्याकाळपासूनचा आहे: चक्रवाक आणि पट्टकादंब हिवाळ्यात याच पाण्यावर उतरतात, आणि त्यांना उडवून लावून मग सकाळी ‘पक्षी दिसलेच नाहीत’ ही तक्रार आमच्याकडे येते.

फेब्रुवारीनंतर गेलात आणि एखादी टिटवी डोक्यावर ओरडत घिरट्या घालू लागली तर तिची खड्यांच्या रंगाची अंडी जवळपास जमिनीवरच आहेत. तंबू दुसरीकडे हलवा.

दिवे मालवले तर आकाश भरपूर आहे. मृग आणि व्याध सगळे ओळखतात. व्याधाच्या बरंच खाली, दक्षिण क्षितिजालगत अगस्त्य शोधा. शहरातल्या इमारतींमागे तो लपतो, माळावर सहज सापडतो. आजोबांना सोबत नेलं असेल तर हे काम त्यांच्याकडे द्यावं.

परत आणताना

इंदूर २०१७ पासून सलग सात वर्षं देशातलं सर्वांत स्वच्छ शहर ठरलं. तलावाकाठी कचरागाडी येत नाही. ओला-सुका कचरा दोन पिशव्यांत आणून घरी येणाऱ्या कचरागाडीत टाका.

तंबू ओला असला तर ओलाच आणा, पण सांगा. दव किंवा चिखलाचे पैसे आम्ही कापत नाही. ओला तंबू पिशवीत बांधून चार दिवस घरी ठेवला की बुरशी धरते आणि ते कापड मग कुणालाच देता येत नाही, त्याचे कापतो. विस्तवाच्या ठिणगीनं पडलेल्या भोकांचेही कापतो. खुंट्या मोजून घ्या आणि मोजून आणा. गवतात राहिलेली खुंटी गाईच्या खुरात किंवा ट्रॅक्टरच्या चाकात शिरते, आणि पुढच्या खेपेला मैदानाचा मालक आमचं नाव सांगणाऱ्याला जागा देत नाही. रविवारी रात्री नऊपर्यंत दुकान उघडं असतं. सोमवारी सकाळच्या रांगेपेक्षा तेव्हा आलात तर मोजणी तुमच्यासमोर निवांत होते.