गाविलगडावर काहून नाही बे?

परतवाड्याकडच्या पोरांत युद्धाच्या गेमचा विषय निघाला की एक प्रश्न ठरलेला असतो. पुढचा भाग आपल्या गाविलगडावर काहून नाही बे? गाविलगड म्हणजे आमच्या मेळघाटातला जुना किल्ला. सगळे हसतात. पण या ‘काहून’मागे पंचवीस वर्षं आहेत.

आमच्या पिढीची सुरुवात ‘प्रोजेक्ट आयजीआय’ने झाली. २००० सालचा, नॉर्वेत बनलेला हा गेम आम्ही सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून खेळायचो. त्यात मोहिमेच्या मध्ये सेव्ह करायची सोयच नव्हती. भारनियमनाचे दिवस. शेवटच्या टॉवरपाशी पोचलं की हमखास लाइन जायची आणि गेमचा नायक डेव्हिड जोन्स पुन्हा कुंपणाबाहेर उभा. २००३च्या दुसऱ्या भागात मोजके सेव्ह मिळाले आणि गोष्ट रशिया, लिबिया, चीन फिरून आली. गडी तोच, मुलूख नवा.

मुलूख निवडण्यामागे मात्र हिशेब असतो. १९९९चा ‘मेडल ऑफ ऑनर’, २००३चा ‘कॉल ऑफ ड्यूटी’ आणि त्याचे पुढचे दोन भाग, सगळे दुसऱ्या महायुद्धातले. नाझी मारले म्हणून कोणी भांडायला येत नाही. पण तोच नॉर्मंडीचा किनारा किती वेळा जिंकायचा? याच ‘कॉल ऑफ ड्यूटी’ मालिकेतल्या २००७च्या ‘मॉडर्न वॉरफेअर’ने गोष्ट आजच्या काळात आणली, मध्यपूर्वेतल्या ज्या देशात लढाई होते त्याचं नाव मात्र शहाणपणाने सांगितलंच नाही. २०११च्या ‘मॉडर्न वॉरफेअर ३’मध्ये एक मोहीम हिमाचल प्रदेशात होती. आम्ही खुर्च्या ओढून बसलो, तर लढणारे परकेच. भारत फक्त मागच्या पडद्यासारखा.

सप्टेंबर २०२०मध्ये पबजीवर बंदी आली, जानेवारी २०२१मध्ये गलवानवरचा ‘फौजी’ हा देशी गेम आला. पडद्यावर एकदाचा आपला जवान आला. एवढं व्हायला २०२१ उजाडावं लागलं, हे मला अजून खटकतं.

आता गाविलगड. २९ नोव्हेंबर १८०३ला अडगावला नागपूरकर भोसल्यांची फौज हरली आणि इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीने मोर्चा गडाकडे वळवला. त्याच्या हाताखालच्या स्टीव्हन्सनच्या तुकडीने जड तोफा डोंगरवाटांनी दिवसेंदिवस ओढत उत्तरेला नेल्या, कारण चढाई होण्याजोगी तीच बाजू. १५ डिसेंबरला बाहेरची तटबंदी फुटली, पण आतला किल्ला वेगळा. तो शेवटी शिड्या लावून घेतला. दोन दिवसांत भोसले आणि इंग्रजांत देवगावचा तह झाला. नकाशा म्हणून याहून चांगलं काय पाहिजे? दुहेरी तट, दरी, दोन बाजूंनी हल्ला. अडचण बंदुकीची आहे. त्या काळची ठासणीची बंदूक मिनिटाला दोन-तीन बार काढते, आणि पोरांना ट्रिगर दाबून धरायची सवय. शिवाय गड पडतो हे आधीच ठरलेलं. हरणाऱ्या बाजूने खेळायला कोण पैसे देईल, असं कंपनी विचारणारच.

म्हणून मी पोरांना दुसरी जागा सुचवतो: इटली. गेमवाल्यांना ती नवी नाही, ‘स्नायपर एलिट’चा चौथा भाग १९४३च्या इटलीतच घडतो. पण तिथे मराठा पलटणीही लढल्या. १० जुलै १९४४ला तिबेर नदीच्या वरच्या खोऱ्यात नाईक यशवंत घाडगे यांच्या सेक्शनवर मशीनगनचा मारा झाला. ते सोडून सगळे मेले किंवा जखमी झाले. घाडगे एकटेच पुढे गेले, हातबॉम्बने मशीनगन बंद पाडली, टॉमीगनमधल्या गोळ्या संपल्या तेव्हा तिचाच सोटा केला. मग लपलेल्या शत्रूच्या गोळीने ते पडले. पुढच्या एप्रिलमध्ये सेनिओ नदीकाठी कंपनीचे रनर, म्हणजे निरोप्ये, नामदेव जाधव यांनी सुरुंग पेरलेल्या पट्ट्यातून दोन जखमींना ओढून आणलं आणि मशीनगनची तीन ठाणी मोडली. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस, ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक. यात लेखकाला काही रचायचं राहत नाही.

मागच्या आठवड्यात पारावर हे सांगितलं तर एकाने विचारलं, “यातला कोनी वऱ्हाडातला हाय का?” नाही, एक रायगडकडचा, एक नगरचा. “मंग गाविलगडच बरा,” तो म्हणाला आणि मोबाइल चार्जिंगला लावायला उठला.