साधा माणूस आणि नायकपण : पार्श्वभूमी

मराठी कथा-कादंबरीत साध्या माणसाला नायकपण कशाने येतं, हा वाद आज ज्या रूपात आपल्यापुढे आहे, ते रूप त्याला १९५५ ते १९६३ या काळात आलं.

त्याआधीचं थोडक्यात. संस्कृत नाटकात नायक म्हणजे प्रख्यात राजा. ‘प्रकरण’ या प्रकारात ब्राह्मण, अमात्य किंवा व्यापारीही चाले, पण तो गुणसंपन्न असावाच लागे. पुढे ‘मुक्तामाला’च्या (१८६१) वळणाच्या कादंबऱ्या अद्भुतातच रमल्या. मोठी फारकत केली ती यमूने. १८९० पासून ‘करमणूक’ साप्ताहिकात क्रमशः येऊ लागलेल्या ‘पण लक्ष्यांत कोण घेतो?’ या कादंबरीची ही निवेदिका. बालपणी लग्न, मग वैधव्य, मग सक्तीचं केशवपन. तिच्या हातून पराक्रम असा काही घडत नाही. आपल्यावर काय गुदरलं ते ती आपल्या तोंडाने, घरातल्या भाषेत सांगते, आणि वाचक तिच्या बाजूने उभा राहतो.

‘बनगरवाडी’त (१९५५) हीच वाट माणदेशातल्या धनगरवाडीत पोचली. कोवळ्या वयाचा शाळामास्तर पोरं गोळा करतो, गावकऱ्यांना हाताशी धरून तालीम उभी करतो, आणि दुष्काळ गावच उठवतो. ‘फकिरा’ने (१९५९) मात्र उलटं केलं. भुकेल्या माणसांसाठी सरकारी खजिना लुटणारा मांग समाजातला तरुण या कादंबरीने जुन्या वीरनायकाच्याच जागी बसवला. वर्षभराने आलेल्या ‘धग’मधली कौतिक धड तिकडची नाही, धड इकडची नाही. नवऱ्याला महारोग, पोटाला पोरं, आणि ती मोलमजुरी करून संसार ओढत राहते. मला विचाराल तर या काळातलं सगळ्यात भक्कम पात्र तिचंच, पण नायकपणाच्या चर्चेत तिचं नाव फार उशिरा येतं.

चर्चा अडली ती १९६३ मध्ये. त्या वर्षी ‘कोसला’ आली. सांगवीहून पुण्यात शिकायला आलेला पांडुरंग हाती काही न लागता गावी परततो. जो काही मिळवत नाही त्याला नायक कसं म्हणायचं, असं विचारणारे तेव्हाही होते आणि आजही आहेत. त्यावर पानंच्या पानं खर्ची पडली. पण खरा पेच मला त्याच वर्षीच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ या कथेत दिसतो. रेल्वेत नोकरीला लागलेला निवेदक परमुलखात जात लपवून खोली मिळवतो. जात उघडी पडते आणि तो मार खातो. त्याला सोडवतो तो त्याच्यासारखाच दलित असलेला काशीनाथ. हा जात लपवत नाही, कुणी अंगावर आलं तर चाकू काढतो. जुन्या मापाने नायक काशीनाथच ठरतो. तरीही कथा मार खाणाऱ्याच्या तोंडून येते, आणि आपल्याला कुणी मारलं याचा उलगडा त्यालाच होतो: हे हात त्या माणसांचे नव्हते, मनूचे होते. काही समीक्षकांना ही शरणागती वाटली. मला ती तशी वाटत नाही. काशीनाथला शत्रू समोर उभा दिसतो. निवेदकाला त्या शत्रूमागची शेकडो वर्षं दिसतात, आणि ते सांगण्याचं धैर्य चाकूइतकंच अवघड आहे. मात्र काशीनाथ आला नसता तर सांगायला निवेदक उरला असता का, हा आक्षेप मला खोडता येत नाही.

‘बलुतं’पासून (१९७८) दलित आत्मकथनांनी सांगणाऱ्याचं वजन कायमचं वाढवलं. कादंबरीत मात्र प्रश्न तसाच राहिला. साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेल्या ‘बारोमास’मधला एकनाथ एम.ए., बी.एड. झालेला शेतकऱ्याचा मुलगा. संस्थेला द्यायला पैसे नाहीत म्हणून त्याची मास्तरकी हुकते, शेती परवडत नाही, बायको माहेरी निघून जाते. त्याच्या हातात ना चाकू आहे, ना यमूसारखं निवेदन.