लिनक्सच्या कोडमध्ये कोणीही घुसखोरी करू शकतो?

‘लिनक्स ओपन सोर्स आहे, म्हणजे कोणीही उठून त्यात काहीही घुसडू शकतो,’ हे वर्षानुवर्षं ऐकू येतं. साफ चूक. लिनक्स या संगणक प्रणालीचा कोड सर्वांसाठी खुला (ओपन सोर्स) आहे, त्यामुळे स्वतःच्या प्रतीत हवे ते बदल करा, मुभा आहे. मूळ कर्नेलचं, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याचं, तसं नाही. तिथे पॅच, म्हणजे सुचवलेला बदल, ईमेलने त्या भागाची देखरेख करणाऱ्या मेंटेनरकडे जातो. यूएसबी ड्रायव्हरमधली चार ओळींची दुरुस्तीसुद्धा सर्वांसमक्ष तपासली जाते, शेरे येतात, मग ‘व्ही २’, ‘व्ही ३’ (दुसरा, तिसरा मसुदा) करत पुन्हा पाठवायची. खाली ‘साइन्ड-ऑफ-बाय’ ही नावानिशी जबाबदारी घेणारी ओळ हवीच. ही प्रथा २००४पासूनची. कर्नेलची नवी आवृत्ती आली की साधारण दोन आठवडे मर्ज विंडो, म्हणजे नवे बदल सामावून घेण्याचा काळ, उघडते, तेव्हा लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स मेंटेनरांनी जमवलेले बदल मूळ शाखेत घेतात. प्रत्येक ओळ ते स्वतः तपासत बसत नाहीत. खरी भिस्त मेंटेनरांवर, आणि त्यांच्या कष्टांची दखल फारच कमी घेतली जाते.